झाड नाक खाजवत नाही

देसलेसरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते साबुदाणा वडा खाताना. मुरबाडमधल्या एका शाळेचं सभागृह, बालनाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. रंगमंचावर एका मुलीची आई मरत होती. मुलगी उशाशी बसून रडत रडत काही सांगत होती, आणि पहिल्या रांगेत मधोमध बसलेले मुख्य परीक्षक मागे वळून चटणीसाठी खुणा करत होते. चटणी आली. कागद चुरचुरला. स्टेजवरच्या आईनं एक डोळा उघडून कुठून आवाज येतोय ते पाहिलं. देसलेसरांनी वडा खाली ठेवला, पेनचं टोपण दातांनी काढलं आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "मेलेली बाई डोळे उघडते. लिहून ठेवा."

मी त्यांच्या शेजारची परीक्षक होते. किन्हवलीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. आमच्या पोरांची काही नाटकं बसवली होती, त्यांतल्या एकाला बक्षीस मिळालं होतं, एवढ्याच पुण्याईवर मला बोलावलं होतं. नियम असा होता की परीक्षक दोन, आणि दोघांचं पटलं नाही तर ज्येष्ठांचं मत धरायचं. ज्येष्ठ म्हणजे देसलेसर. म्हणजे मी तिथे शोभेला होते, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेल्या कृत्रिम फुलांसारखी.

ते मराठीचे प्राध्यापक होते, निवृत्त झालेले. नावामागे 'प्राध्यापक' लावलं नाही तर निमंत्रणपत्रिका परत पाठवायचे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत परीक्षण करायला त्यांच्याशिवाय कुणी जन्मलाच नव्हता असा समज होता आणि तो त्यांनीच पसरवला होता. वक्तृत्व, निबंध, एकपात्री, रांगोळी. एकदा पाककलेचंही परीक्षण त्यांनी केलं आणि तिथे पुरणपोळी करणाऱ्या बाईला तिच्या उच्चारांबद्दल दोन शब्द सुनावून आले, असं लोक सांगतात. मला ते अजिबात अशक्य वाटत नाही.

माणूस उंच, ताठ. केस काळे केलेले, कानशिलाजवळ रंग थोडा त्वचेवर उतरलेला. खांद्यावर कायम शाल. भर एप्रिलमध्ये, पंखे गरम वारा फेकत असतानाही शाल. सत्कारात मिळालेल्यांपैकी त्या दिवशीची कुठली हे ते घरून ठरवून निघायचे आणि खुर्चीत बसल्यावर तिची जरीची किनार बाहेर दिसेल अशी घडी घालायचे. मग कार्यकर्त्याला हाक मारून पहिला प्रश्न विचारायचे, "शाळा कोणती?"

त्या प्रश्नातच निकाल लागायचा. हायवेलगतची, बसगाड्या असलेली शाळा असली की देसलेसर पुढे सरकून बसत. आतल्या गावातली असली की मागे टेकत. पडदा नीट उघडायच्या आत कागदावर आकडे पडलेले असत. मी तिरक्या नजरेनं ते वाचायची. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, संगीत यांना भरभरून गुण. ज्या पोरांकडे साध्या चादरीचा पडदा होता त्यांचं नेपथ्य शून्यावर. अभिनयाचा रकाना सगळ्यात शेवटी, बेरीज जुळवायला वापरायचे. पहिला कुणाला काढायचा ते आधी ठरलं की अभिनयाचे गुण त्या हिशेबानं बसवता येतात.

त्यांचे लाडके शब्द दोन होते. एक 'वाचिक', म्हणजे संवाद बोलण्याची पद्धत, आणि दुसरा 'संदेश'. नाटक संपलं की पोरं घामाघूम होऊन परीक्षकांकडे बघत असायची, आणि हे गृहस्थ मान हलवून म्हणायचे, "वाचिक कच्चं आहे. आणि संदेश काय?" पोरांनी झाडं लावा म्हटलं, मोबाइल वाईट म्हटलं, आईवडिलांचा मान राखा म्हटलं, की सरांचा चेहरा फुलायचा. सातवीतल्या पोरानं माईकसमोर उभं राहून मोठ्या माणसांना ऐकायला आवडतं तेच मोठ्या माणसांच्या आवाजात म्हणावं, हे त्यांचं बालनाट्य.

त्या पहिल्या दिवशी जंगलतोडीवरचं एक नाटक होतं. पाच-सहा मुलं अंगाला फांद्या बांधून झाडं झाली होती. त्यांतलं एक अगदी बारकं, बहुधा तिसरीतलं. बाकीची झाडं ओळीत ताठ उभी, संवाद घोकल्यासारखे म्हणत होती. या बारक्याच्या नाकाशी पान हुळहुळत होतं. त्यानं बराच वेळ सोसलं. मग अगदी हळू, सबंध अंग डोलवत, वाऱ्यानं हलल्यासारखं करत त्यानं आपली फांदी नाकापर्यंत आणली आणि नाक खाजवलं. आणि तसाच डोलत फांदी पुन्हा जागेवर नेली. सभागृहात हशा पिकला. तो हसला नाही. झाडच राहिला.

त्या सबंध दिवसात मला खरं वाटलेलं तेवढंच होतं. पोराला अडचण आली, आणि ती त्यानं झाड न सोडता सोडवली. मी त्याला अभिनयात चांगले गुण दिले. देसलेसरांनी माझ्या कागदात डोकावून पाहिलं.

"बाई, हे काय? बेशिस्तीला गुण?"

"सर, त्यानं वाऱ्यात हलल्यासारखं करून खाजवलं. बघितलंत ना?"

"झाड नाक खाजवत नाही."

"वाऱ्यानं हलतं तरी."

"वारा संहितेत नाही," ते म्हणाले आणि पेनच्या टोपणानं कान कोरायला लागले.

त्यानंतर बक्षीस समारंभ. देसलेसरांचं भाषण हा त्या स्पर्धेतला सगळ्यात लांब प्रयोग असायचा. पोरं सकाळपासून रंग लावून बसलेली, काहींच्या मिशा गालावर आलेल्या, भुकेनं पेंगणारी. आणि हे सांगत की बालरंगभूमीसाठी मी उभं आयुष्य वेचलं. मग हरलेल्या एखाद्या शाळेतल्या मुलाला वर बोलवायचे. त्या दिवशी आटगावच्या बाजूच्या एका मुलाला बोलावलं. त्यानं नाटकात तहानलेल्या वाटसरूचं काम केलं होतं.

"म्हण, पाणी."

"पानी," पोरगा म्हणाला.

"पानी नाही. पाणी. ण. जीभ वर. म्हण."

"पानी."

आमच्याकडे घराघरांत पानीच म्हणतात. माझी आजीही पानीच म्हणायची आणि तिनं पाजलेलं पाणी कुणाला कमी गोड लागलं नाही. पण सर थांबेनात. दोन्ही तालुक्यांतले पालक हसत होते. पोराचा चेहरा लाल झाला, खालचा ओठ थरथरायला लागला आणि शेवटी तो भोकाड पसरून रडला. देसलेसरांनी माईक जवळ घेतला आणि म्हणाले, "रडण्याचं वाचिक मात्र उत्तम आहे." टाळ्या झाल्या. ते पोर पुन्हा कधी कुठल्या स्टेजवर चढलं असेल असं मला वाटत नाही.

मी पुढच्या वर्षी येणार नव्हते. पण मी गेले नसते तर माझ्या खुर्चीवर प्रायोजकाचा मेहुणा बसला असता, म्हणून गेले. त्या वर्षी अंतिम फेरी शहापूरला होती आणि तिथे डोळखांबच्या पुढच्या एका आश्रमशाळेचं नाटक होतं. त्यांच्या गावंडेसरांनी आधीच येऊन आमच्या हातात कागद ठेवला. नाटकाचं नाव 'मोहू'. पात्रं दोन.

"शाळा कोणती?" देसलेसरांनी विचारलं. उत्तर ऐकून ते मागे टेकले.

पडदा उघडला. स्टेज रिकामं. एक मुलगी आली, अकरा-बारा वर्षांची. तिचं नाव सुगंधा हे मला नंतर कळलं. अंगावर शाळेचाच गणवेश, त्यावर कुणाचं तरी जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं. ती म्हातारी होऊन आली होती, पण वाकली नाही, काठी नाही, खोकली नाही. ती फक्त बसली. आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा, मग एक गुडघा, आणि शेवटी बुड टेकताना तोंडातून 'हं' असा बारीक आवाज काढला. सभागृहातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी असंच बसत होतं.

मग दुसरी म्हातारी आली आणि भांडण सुरू झालं. मोहाचं एक झाड दोघींच्या बांधावर. पहाटे गळलेली फुलं कुणी वेचायची?

"ह्या झाड माजा हाय गो! माज्या सासूनं राखलाय."

"तुजी सासू! तुज्या सासूला माज्या आज्यानं सावलीत बसाया पन दिला नाय!"

एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत त्या फुलं वेचत होत्या. खाली एकही फूल नव्हतं, नुसतं लाकडी स्टेज. पण सुगंधा वेचत होती तेव्हा प्रत्येक फूल वेगळं दिसत होतं. एक चिखलात रुतलेलं, एक कुणीतरी तुडवलेलं म्हणून टाकून दिलेलं, एक दुसरीच्या हद्दीतलं, पटकन मुठीत लपवलेलं. लोक पोट धरून हसत होते. आणि मग एका पहाटे दुसरी म्हातारी आलीच नाही.

सुगंधा एकटी वेचायला लागली. वाटेकडे बघून एक शिवी दिली. तिची टोपली भरली. आता सगळं झाड तिचंच होतं. तिनं पुन्हा वाटेकडे पाहिलं. मग दुसरीची रिकामी टोपली जवळ ओढली आणि तिच्यात फुलं टाकायला लागली. टाकता टाकता बडबडत होती, "ऊठ गो भवाने. मोहू सुकून चाललाय. मी काय तुजी गडीन हाय का?" आवाज रडका नव्हता, रागाचा होता. पडदा पडला तेव्हा कुणाला टाळ्या वाजवायचं सुचेना. मग एकदम वाजल्या.

मी शेजारी पाहिलं. देसलेसर पुढे झुकून बसले होते. हातातलं पेन तसंच उघडं होतं आणि त्याच्या शाईचा डाग शालीवर पसरत होता. त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला. माझी तेवढीही समजूत त्यांनी फार वेळ टिकू दिली नाही.

निकालासाठी आम्ही स्टेजमागच्या खोलीत बसलो. त्यांनी 'मोहू'ला खालून दुसरा क्रमांक दिला होता.

"का सर?" मी विचारलं.

"बोली अशुद्ध. नेपथ्य नाही. संदेश नाही. आणि मोह म्हणजे काय, बाई? दारू! शाळकरी मुलींनी दारूच्या झाडाचं उदात्तीकरण करायचं?"

"सर, तुम्ही सबंध नाटक पुढे झुकून बघत होतात."

"ऐकू येत नव्हतं म्हणून झुकलो."

त्यांनी पहिला क्रमांक एका इंग्रजी शाळेच्या नाटकाला काढला होता. त्यात मोबाइलचा राक्षस होता, कल्याणहून भाड्यानं आणलेला धूर होता आणि सगळे संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. पोरं नुसते ओठ हलवत होती. शुद्ध, अर्थातच. स्टुडिओत बोलून घेतलेलं वाचिक कच्चं कसं असेल?

आमची हुज्जत चालू असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, पायांत प्लास्टिकच्या चपला. कार्यकर्ता तिला अडवत होता, पण ती त्याला बाजूला सारून आत आली.

"बाळू," ती देसलेसरांकडे बघत म्हणाली, "नातवाचा नाटक बघाया आलू. पन त्या दोन पोरी रे! भारी व्हत्या. ती बसली ना खाली, मला वाटला आपली आयच बसली. अशीच टेकायची ना रे, हात लावून? त्यांचाच पयला नंबर ना?"

देसलेसर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि केसांचा रंग एकदम उठून दिसायला लागला. शालीची घडी सारखी करत ते अतिशय शुद्ध, अतिशय स्वच्छ मराठीत म्हणाले, "ताई, निकाल गोपनीय असतो. आपण बाहेर बसावं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावाकडच्या ओळखीच्या आहेत."

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मला म्हणाली, "व्हय बाय. वळखीचीच हाय." आणि पिशवी सावरत बाहेर गेली.

मुरबाडच्या आतल्या एका पाड्याशेजारच्या गावात त्यांचं घर आहे, ती सख्खी मोठी बहीण, आणि आई मजुरीला जाताना या बहिणीनंच बाळूला कडेवर वाढवलं, हे मला पुढे इतरांकडून कळलं. पण त्या क्षणी ते कळायची गरजच नव्हती. आपली घरची जीभ या माणसानं कधीतरी मुळापासून खरवडून टाकली होती, आणि आता ती जिथे दिसेल तिथे, कुणाच्याही पोराच्या तोंडात, तो खरवडत सुटला होता. हे समजल्यावर एखाद्याला कीव आली असती. मला शिसारी आली. स्वतःची लाज वाटणारा माणूस निदान गप्प बसतो. या माणसानं त्या लाजेचं गुणपत्रक केलं होतं.

"मी या निकालावर सही करणार नाही," मी म्हणाले.

"करू नका," ते म्हणाले. "माझी पुरते."

आणि पुरली. निकाल जाहीर झाला. मोबाइलच्या राक्षसानं ढाल नेली आणि जिल्ह्याच्या फेरीला ठाण्याला जायचा मान नेला. मग भाषण. मी स्टेजवर बसले नाही, खाली कडेला जाऊन उभी राहिले. ती म्हातारी मागच्या दाराशी होती. आश्रमशाळेच्या पोरी पुढे सतरंजीवर बसल्या होत्या, अजून लुगडी नेसलेल्या.

"एका शाळेनं," देसलेसर माईकमध्ये म्हणाले, "रंगभूमीवर काय आणू नये याचा उत्तम नमुना सादर केला. ही भाषा आहे? ऐका!"

आणि त्यांनी नक्कल सुरू केली. लोकांना हसवायला. त्यांनी एक हात टेबलावर टेकवला, कमरेत किंचित वाकले, आणि बोलले, "ह्या झाड माजा हाय गो! माज्या सासूनं राखलाय!" लोक हसले. देसलेसरांना चेव आला. ते पुढे बोलत गेले, नाटकात नसलेलंही. "माज्या लेकरांनी काय खायाचा? धोंडं? चाल, हो तिकडं, माज्या बाळ्याला भूक लागली..." आवाज त्यांचा राहिला नाही. तो एका बाईचा आवाज होता, दमलेल्या, भांडून भांडून चिरका झालेल्या बाईचा. हसू कमी होत गेलं. मग थांबलंच. इतकं खरं बोलणं त्या दिवशी त्या स्टेजवर फक्त एकदा आधी झालं होतं.

देसलेसरही थांबले. आपण काय बोलून गेलो हे त्यांनाच कळलं नसावं. ते माईककडे बघत राहिले. दारातल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला, वळली आणि निघून गेली.

त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या. सुगंधाच्या. सतरंजीवर मांडी घालून बसून ती मनापासून टाळ्या वाजवत होती.

देसलेसरांनी तिच्याकडे पाहिलं आणि भाषण आटपलं. त्यांचं एवढं लहान भाषण कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नंतर मी बाहेर आश्रमशाळेच्या जीपपाशी गेले. गावंडेसर आतून तापलेले होते, पण पोरींसमोर गप्प होते. मी सुगंधाला विचारलं, "अगं, ते तुमची टिंगल करत होते. तू टाळ्या का वाजवल्यास?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की यात विचारायचं काय आहे.

"टिंगल केली ते वाईटच केला. पन केला भारी. माज्यापेक्षा भारी. मला ती 'चाल, हो तिकडं' जमत नाय तशी." मग म्हणाली, "त्यांना आमच्यासारका बोलाया येतो ना बाई. मंग आमाला का नावं ठेवली?"

परीक्षण म्हणजे काय हे मला जर कुणी कधी शिकवलं असेल तर त्या पोरीनं त्या जीपपाशी शिकवलं. ज्यानं तिला हरवलं, वर सगळ्यांसमोर हसं केलं, त्यानं जे चांगलं केलं ते तिनं चांगलं म्हटलं. वाईट केलं ते वाईट म्हटलं. दोन्ही एका दमात, आणि एकाचा डाग दुसऱ्याला लागू न देता.

देसलेसरांचं परीक्षकपद पुढे काही वर्षांनी गेलं. अन्यायामुळे गेलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आपला तालुका ओळखलेला नाही. मंडळाचा अध्यक्ष बदलला, नव्या अध्यक्षानं उद्घाटनाच्या वेळी पहिली शाल प्रायोजकाला आणि दुसरी देसलेसरांना घातली. सर तिथेच उठले, "हा बालरंगभूमीचा अपमान आहे" म्हणाले आणि निघून गेले. त्यांना वाटलं असावं की कुणीतरी मागे धावत येईल. कुणी उठलं नाही. त्या वर्षी मी मुख्य परीक्षक झाले.

पहिल्याच वर्षी मी एका पाड्यावरच्या शाळेला दुसरा क्रमांक दिला. नाटक जेमतेम होतं. पोरं संवाद विसरत होती, शिक्षक विंगेतून ओरडून सांगत होते. पण त्यांच्याकडे पडदा नव्हता, पोरं ट्रकमध्ये उभी राहून आली होती, आणि त्यांच्या बोलण्यात 'नाय' होतं. मला ते बघूनच भरून आलं होतं. देसलेसर तेव्हा प्रेक्षकांत होते. आमंत्रण नसलं तरी ते यायचे. निकालानंतर ते माझ्याकडे चालत आले. खांद्यावर शाल होतीच.

"बाई, ते नाटक सुमार होतं."

मी गुणांचे कागद पिशवीत भरत राहिले.

"शाळा बघून गुण दिलेत," ते म्हणाले. "मीही शाळा बघूनच द्यायचो. म्हणजे आपण दोघं एकाच शाळेतले निघालो." आणि हसले. पुढचे दात सगळे दिसतील असं, तृप्त हसू. मग टोपणानं कान कोरत निघून गेले.

ते हसू आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. माणूस हलकट होता, त्याला आनंद झाला तोही हलकटपणाचाच होता, आणि तो म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. घरी जाताना सबंध वाट मी त्याला शिव्या देत होते. पुढच्या वर्षी मी मंडळाला सांगितलं की शाळांची नावं आम्हाला कळवायची नाहीत, नुसते क्रमांक घोषित करायचे. पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून मी मध्ये, पोरांच्यात जाऊन बसायला लागले, कारण पोरं कुठे चुळबुळ करतात आणि कुठे करायची थांबतात हे तिथूनच कळतं. भाषण बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक गटाकडे जाऊन तुमच्या नाटकात मी काय पाहिलं ते एक-एक गोष्ट सांगते. वाईट असलं तर तेही सांगते, पण एकेकट्याला, माईकशिवाय. पोरं ऐकून घेतात. शिक्षक चिडतात. चिडू देत.

सुगंधा पुढे नाटकात गेली वगैरे काही नाही. लग्न होऊन ती किन्हवलीच्या बाजूला आली आणि अंगणवाडीत मदतनीस आहे. मी कधीतरी बाजारात भेटते तिला. देसलेसरांचा विषय निघाला की ती म्हणते, "ते सर चांगले नट झाले असते बाई." मी तोंड वाकडं करते. ती हसते.

शेवटचे ते मला दिसले ते शहापूरलाच, गेल्या हिवाळ्यात. बरेच थकले होते. केस रंगवणं सोडलं होतं आणि शालीखाली लोकरीचं बनियन दिसत होतं. पुढच्या रांगेत त्यांना कुणी बसवलं नाही. नव्या कार्यकर्त्यांना ते कोण हेच माहीत नव्हतं. ते पार मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये कुठल्याशा शाळेच्या पोरांच्यात बसले होते. मला दुरून दिसत होते. मी ओळख दाखवायला गेले नाही. मी त्यांना माफ केलं होतं असं कुणी समजू नये. ते पाणी-पानीचं पोर आणि ती दारातली म्हातारी, दोघांच्या वतीनं माफ करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

नाटक चालू झालं तशी त्यांच्या पुढच्या खुर्चीतली एक लहान मुलगी दिसेना म्हणून खुर्चीवर चढून उभी राहिली. खुर्ची स्वस्तातली, डुगडुगणारी. ती टाचा उंच करायची आणि खुर्ची मागे झुकायची. मला वाटलं, आता हे ओरडणार. शिस्त काढणार.

देसलेसरांनी हात पुढे केला आणि खुर्चीची पाठ धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. मुलीला ते कळलंही नाही. ती आणखी वर सरकली, हसायला लागली, टाळ्या पिटायला लागली, आणि खुर्ची हलली नाही. तिच्या फ्रॉकची पाठ सरांच्या बरोबर नाकासमोर होती. स्टेजवर काय चाललंय ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. खांद्यावरची शाल घसरून मांडीवर आली, मग खाली पडली. ती उचलायला एक हात सोडावा लागला असता. त्यांनी सोडला नाही.

पडदा पडल्यावर मुलगी उडी मारून खाली उतरली. सरांनी हात सोडले आणि बोटं उघडमीट करत तिच्याकडे वाकून काहीतरी विचारलं. तिनं हातवारे करत त्यांना नाटकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून. ते मान खाली घालून ऐकत होते.

पुढच्या नाटकाची घंटा झाली आणि मी स्टेजकडे वळले.